पहिली सुई स्वतःच्या अंगात : डॉ. वाल्देमार हाफकिन यांचे जीवन

वाचकहो, आपल्या घरात मूल जन्माला आले की त्याच्या नावाने एक कार्ड तयार होते. कोणत्या महिन्यात कोणती लस द्यायची, हे त्या कार्डावर लिहिलेले असते. हे कार्ड आपण कपाटात, रेशनकार्डाशेजारी ठेवून देतो. त्यातल्या एका एका रकान्यामागे केवढी माणसे खपली, कोणी कोणते हाल सोसले, याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. यंदाच्या स्मरणिकेत अशाच एका माणसाची ओळख आपणांस करून द्यावी, असे मनात आले. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, ते डॉ. वाल्देमार हाफकिन होत. नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. सर्पदंशावरच्या लशीमुळे खेड्यापाड्यांतही ते पोहोचले आहे. परंतु हा माणूस कोण, कुठला, आणि आपल्या देशात येऊन त्याने काय भोगले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा शहरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. त्या साम्राज्यात ज्यूंचे जिणे सोपे नव्हते. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर जमाव चालून आले, तेव्हा मोहल्ल्याच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना अटकही झाली. त्यांचे गुरू, पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली, म्हणून ते सुटले. विद्यापीठात त्यांची बुद्धी सर्वांना दिसत होती. परंतु प्राध्यापकाची जागा हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी परिस्थिती होती. हाफकिन यांनी जागेवर पाणी सोडले, धर्म सोडला नाही.

पुढे ते देश सोडून प्रथम जिनिव्हाला आणि १८८९ मध्ये पॅरिसला गेले. तेथील पाश्चर संस्थेत प्रयोगशाळेतली जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. विद्यार्थी मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. शास्त्राची पदवी हाती असलेल्या या तरुणाने पुस्तके लावण्याचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोग सुरू ठेवले. पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार करण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. जनावरांवरचे प्रयोग यशस्वी झाल्यावर माणसाची पाळी आली. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि ते बरे झाले.

पटकीचे माहेरघर त्या काळी बंगाल मानले जाई. लशीची खरी कसोटी तेथेच लागणार होती. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. हा गृहस्थ वैद्यकीय डॉक्टर नव्हता, त्याची पदवी प्राणिशास्त्रातली होती. शिवाय तो रशियन आणि ज्यू. इंग्रज अधिकाऱ्यांच्या भुवया उंचावल्या, आणि लोकांनाही या परक्याच्या सुईची भीती वाटली. हाफकिन यांनी कोणावर जबरदस्ती केली नाही. ते वस्त्यांत गेले, लोकांसमोर आधी स्वतःला आणि आपल्या हिंदी साहाय्यकांना सुई टोचून घेतली आणि मगच पुढे जो हात येईल त्याला टोचले. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान नावाच्या वस्तीत पटकी शिरली. तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे नवे रुग्ण झाले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. सुमारे अडीच वर्षांत देशाच्या निरनिराळ्या भागांत त्यांनी बेचाळीस हजारांवर माणसांना लस दिली. अखेर हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले.

आता आपण मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराच्या परिसरात माणसे तापाने पटापट मरू लागली. काखेत, जांघेत गाठ उठे आणि चार-पाच दिवसांत खेळ संपे. गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. लाखो लोक घरांना कुलपे लावून गावाकडे निघाले, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने निधन झाले.

सरकार घाबरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरून रोगी शोधू लागले. त्यातून उसळलेल्या संतापाने रँड साहेबाचा बळी घेतला, हे आपण इतिहासात शिकलो आहोत. आपल्या समाजाने फारशी न ऐकलेली एक घटना मुंबईतली आहे. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या परिसरात मुस्लिम विणकरांच्या, म्हणजे जुलाह्यांच्या, वस्तीत तपासणी पथक आले आणि एका लहान मुलीला इस्पितळात नेऊ लागले. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दंगल उसळली, गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्या विणकरांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या इस्पितळात गेलेला माणूस परत येताना दिसत नाही, जेथे पडद्याची आणि मयतीच्या विधीची पर्वा केली जात नाही, तेथे आपली लेक कोणता बाप आनंदाने पाठवील? औषध कितीही चांगले असले तरी ते संगिनीच्या टोकावरून देता येत नाही, हा धडा त्या दोन वर्षांनी शिकवला.

हाफकिन यांची वाट वेगळी होती. ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यांनी तीन महिने रात्रंदिवस काम केले. पद्धत थोडक्यात सांगतो. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात. मग तो रस तापवून जंतू मारायचे आणि त्या मेलेल्या जंतूंची लस करायची. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण शरीर त्याला ओळखून लढण्याची तयारी करून ठेवते. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हा रस गाईचा किंवा डुकराचा असला तर हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही मनाला ते रुचणार नाही, हे ओळखून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. प्रयोगशाळेत बसूनही बाहेरच्या माणसाच्या श्रद्धेची आठवण ठेवणारा हा शास्त्रज्ञ होता.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही नवी लसही प्रथम स्वतःला टोचून घेतली. मात्रा घेतली ती दहा घन सेंटिमीटरची, म्हणजे पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या तिपटीहून अधिक. सडकून ताप भरला, पण काम थांबले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी आपण होऊन तयारी दाखवली अशा १४७ जणांना लस दिली गेली. १७२ जणांनी घेतली नाही. अन्न तेच, पाणी तेच, भिंती त्याच. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. विद्यार्थी मित्रांनो, शास्त्रीय पुरावा म्हणतात तो हाच. एकाच ठिकाणची, एकाच स्थितीतली माणसे शेजारी शेजारी ठेवून फरक मोजायचा. ऐकीव गोष्टीला येथे जागा नाही.

लस तयार झाली, पण घेणार कोण? शहरात अफवांना ऊत आला होता. अशा वेळी खोजा इस्माइली जमातीचे तरुण इमाम, तिसरे आगाखान सर सुलतान मुहम्मद शाह, पुढे आले. त्यांचे वय जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली आणि ही बातमी जमातीत घरोघर पोहोचेल अशी व्यवस्था केली. पाहता पाहता मुंबईतील खोजा जमातीतील हजारो स्त्री-पुरुषांनी लस घेतली, आणि त्या जमातीतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. आगाखान एवढ्यावर थांबले नाहीत. हाफकिन यांना जागा अपुरी पडत आहे हे पाहून त्यांनी माझगावचा आपला प्रशस्त खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी देऊन टाकला. पुढे अलीगढच्या कॉलेजाचे विद्यापीठ व्हावे म्हणून देशभर फिरून निधी गोळा करणारे आगाखान ते हेच. एका ज्यू शास्त्रज्ञाला एका मुस्लिम धर्मगुरूने आपले घर उघडून दिले, आणि त्या घरात तयार झालेल्या लशीने सर्व धर्मांची माणसे वाचली. पालकहो, मुलांना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट आपल्या शहराच्या इतिहासात मला तरी दिसत नाही.

आपल्या धर्माच्या शिकवणीशीही हे सुसंगतच होते. जेथे प्लेग आहे तेथे बाहेरच्याने जाऊ नये आणि तेथल्याने बाहेर पळू नये, ही पैगंबर साहेबांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. स्वतःचा जीव वाचवताना दुसऱ्याच्या जिवाचाही विचार करावा, हा तिचा अर्थ. लस घेणारा माणूस नेमके हेच करतो.

बडोदे संस्थानातील उंढेरा गावी १८९८ मध्ये हाफकिन यांनी घराघरांतून साधारण निम्म्या माणसांना लस दिली. ज्या घरांत नंतर प्लेग आला, तेथे लस न घेतलेल्या ६४ माणसांपैकी २६ मरण पावली. लस घेतलेल्या ७१ माणसांपैकी ३ मरण पावली. लस संपूर्ण कवच नव्हती, पण मरणाची दाट शक्यता तिने कितीतरी कमी केली होती. आता सरकारचीही खात्री पटली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. जेथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत, तेथे आता बाटल्यांत लस भरली जाऊ लागली.

येथवरची कथा चढत्या कमानीची आहे. आता दुःखाचा भाग येतो.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने हाहाकार माजवला. लाखो मात्रांची मागणी आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस देण्यात आली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. एकोणीस घरांत आकांत झाला. ज्या लशीवर विश्वास ठेवून हात पुढे केला तिनेच घात केला, असे त्या लोकांना वाटले असेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

सरकारने चौकशी समिती नेमली. मागणी भागवण्यासाठी हाफकिन यांनी लस तयार करण्याची रीत बदलली होती आणि कार्बोलिक ॲसिड घालणे सोडले होते. बाटलीत विष परळलाच शिरले, असा ठपका समितीने ठेवला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. ज्या माणसाने दोन वेळा स्वतःच्या देहावर पहिला प्रयोग केला, त्याच्या कपाळी बेफिकिरीचा शिक्का बसला.

परंतु कागदपत्रांत एक गोष्ट नोंदलेली होती. गावात ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि ज्योतीत धरून निर्जंतुक न करता तो नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून बुचासाठी वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. शिवाय बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते. जंतू परळलाच शिरले असते तर तेवढ्या काळात वाढून त्यांची दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. हिवतापाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांच्या बाजूने जाहीर पत्र दिले. अखेर त्याच वर्षी सरकारला त्यांना दोषमुक्त करावे लागले.

न्याय मिळाला, पण उशिरा आणि अर्धवट. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. त्यांना कलकत्त्यास धाडण्यात आले आणि माणसांवर नवे प्रयोग करण्याची मोकळीक दिली गेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त होऊन युरोपला परतले. ते अविवाहित राहिले. उतारवयात ते धर्मनिष्ठ आयुष्य जगले. आयुष्यभराची कमाई त्यांनी १९२९ मध्ये पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांसाठी, म्हणजे आपल्या मदरशांसारख्या विद्यालयांसाठी, निधी करून दिली. धर्मशिक्षणाबरोबर विज्ञान आणि हातचा व्यवसायही शिकवला जावा, अशी त्यांची इच्छा होती. दीनी आणि दुनियावी तालीम एकत्र द्यावी म्हणून झटणाऱ्या आपल्या संस्थेला ही गोष्ट जवळची वाटावी. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले, ते त्यांच्या हयातीतच. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. तरीही प्लेगने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले, स्वच्छता सुधारली, प्रतिजैविके आली, आणि हाफकिन यांच्या त्या लशीची गरज उरली नाही. पण त्यांनी घालून दिलेली वाट उरली. देवीचा रोग देशातून गेला, त्याची ग्वाही १९७७ मध्ये मिळाली. १९८५ मध्ये सर्व बालकांसाठी सरकारचा लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. हाफकिन यांच्या नावाच्या परळच्या महामंडळातून पोलिओच्या थेंबांच्या कोट्यवधी मात्रा बाहेर पडल्या. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. गरीब समजल्या जाणाऱ्या देशाने मिळवलेले हे यश लहान नाही. दारोदार जाणाऱ्या परिचारिका, आशा कार्यकर्त्या, आणि मशिदीतून आवाहन करणारे इमाम यांचाही त्यात वाटा आहे.

हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवरची साथ आली आणि लहान मुले दगावली. आजारी पडलेल्यांत पुष्कळांची लस राहून गेलेली होती. कोठे दवाखाना दूर होता, कोठे मजुरी बुडवून जाणे परवडत नव्हते, आणि कोठे मनात शंका होती. दवाखाना जवळ आणणे हे सरकारचे काम, आणि त्यासाठी आपण हक्काने भांडले पाहिजे. शंका असेल तर ती विचारलीच पाहिजे. मुल्कोवालची कथा हेच सांगते की चूक होऊ शकते, आणि ती पुराव्याने शोधता येते. बाटली कोणी उघडली, चिमटा कोठे पडला, असे नेमके प्रश्न विचारले म्हणूनच सत्य बाहेर आले. अफवेने यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. हाताखालचा चिमटा कितीही छोटा असला तरी तो निष्काळजीपणे वापरू नका. त्याच्यावर एकोणीस घरे आणि एका माणसाची आयुष्यभराची इभ्रत अवलंबून असू शकते. आणि पालकहो, आज घरी गेल्यावर कपाटातले ते कार्ड काढून पाहा. एखादा रकाना रिकामा असेल तर या आठवड्यात दवाखान्यात जाऊन तो भरून घ्या. शेजारच्या घरातही विचारा.